बोडीतला मासा आणि ढिवराची कंबर

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

भंडारा-गोंदियाकडच्या कोणत्याही ढिवर (मासेमार) मोहल्ल्यात सकाळी फिरून या. पस्तिशी-चाळिशीतला माणूस ओट्यावरून उठताना आधी मांडीवर हात टेकतो, मग कंबर सरळ करतो आणि मग पहिलं पाऊल टाकतो. विचारलं तर सांगतो, "पाण्याचं काम आहे, दुखणारच." हे 'दुखणारच' मला मान्य नाही, म्हणून हा धागा काढला.

मी आता जाळं ओढत नाही, घरचे ओढतात. थोरला भाऊ आहे, दोन काका आहेत. माझ्याकडे आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा हिशेब असतो. त्यात बोटुकलीचा (तलावात सोडायच्या माशांच्या पिल्लांचा) खर्च लिहितो, ठेक्याची रक्कम लिहितो, जाळी, डोंगे, बर्फ सगळं लिहितो. माणसाच्या अंगाची झीज लिहायला रकाना नाही. ती ज्याच्या त्याच्या घरी मेडिकलच्या उधारीत आणि बुडालेल्या दिवसांत जाते.

विदर्भात मासेमारी म्हटलं की बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गोंड राजांच्या काळापासूनचे हजारो तलाव आणि बोड्या (लहान तळी) आहेत, कोहळी समाजाच्या हातचे. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारी) संपली, तलाव सरकारकडे आले, पुढे मासेमारी संस्थांच्या ठेक्यावर गेली. इटियाडोह, गोसीखुर्दसारखी मोठी धरणं नंतरची. या सगळ्या पाण्यावर ढिवर, भोई, केवट कुटुंबं जगतात.

काम कसं असतं ते सांगतो. डोंग्यात उकिडवं बसून एकाच बाजूने वल्हं मारायचं. छातीभर पाण्यात उभं राहून ओढजाळ्याची दोरी मागे खेचायची. तलाव गाळाने भरलेले, त्यामुळे पाय पोटरीपर्यंत रुततो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. काठाला बेशरमची झाडी माजलेली असते, तिच्या मुळ्यांत जाळं अडकलं की वाकून सोडवायचं. अडकवून ठेवलेल्या जाळ्यातून एकेक मासा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीने काढायचा, तोही पौष महिन्यातल्या पहाटेच्या पाण्यात. त्यानंतर क्रेट भरा, बर्फ टाका आणि पाळ (तलावाचा बांध) चढून गाडीपर्यंत न्या.

काठावर उभं राहून वजनं मांडताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पाण्यात असेपर्यंत मासा आणि जाळं हलकं असतं, कारण भार पाणी घेतं. खरं वजन अंगावर येतं ते मासळी पाण्याबाहेर काढताना, डोंग्याच्या कडेवरून किंवा काठाच्या चिखलातून. माणूस त्या वेळी पुढे झुकलेला असतो, हात लांब असतात आणि पायाखाली घट्ट जमीन नसते. भाऊ म्हणतो, कंबरेत चमक भरली ती नेहमी तिथेच.

म्हणून माझं म्हणणं असं की संस्थेने पैसा आधी त्या काठावरच्या दहा-पंधरा पावलांवर लावावा. नवीन जाळं पुढच्या वर्षी घेता येईल. तुमच्याकडे काय आहे, कोणी काय करून पाहिलं, लिहा. डॉक्टर, फिजिओ मंडळींनीही लिहावं.

पाळीवरचा

बरोबर बोलले भाऊ. मी जाळं ओढतो, आता बी ओढून रायलो. माह्या उजव्या खांद्यात दुखते, हात वर नाही जात. शर्ट घालतानी दुखरा हात आधी टाका लागते.

आमच्याकडं पयले ओढजाळ्यावर दोन्ही बाजूनं मानसं भरपूर राहे. आता पोट्टे मिरची तोडाले तेलंगणात जाते, कोनी नागपूरले बांधकामावर. मानसं कमी झाले अन् जाळं मात्र लांब झालं, काऊन का नायलॉनचं स्वस्त भेटते. मंग एकाच्या वाट्याले दोघाची ओढ येते.

दुसरं म्हंजे व्यापाऱ्याची गाडी. गाडी यायच्या आधी माल काठावर पायजे, नाही त भाव पाडते. मंग घाईनं ओढतो. घाई केली का दोरी हातात कापते.

दुखते तवा गावात सुई मारून घेतो अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पान्यात. सुई नाही मारली त संध्याकाळी मोहाची. खोटं कायले बोलू. झोप लागाले पायजे ना मानसाले.

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात काम करते. धागाकर्त्यांनी काठाबद्दल जे लिहिलंय ते अगदी नेमकं आहे, त्यामागचं गणित सांगते.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं, निऑशचं, वजन उचलण्याचं एक सूत्र जगभर वापरतात. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे वजन शरीराच्या जवळ, कंबरेच्या उंचीला, पाय घट्ट आणि पकड चांगली, तर २३ किलो ही मर्यादा धरतात. हात शरीरापासून लांब गेले की ती झपाट्याने घटते. वजन घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर पूर्ण २३ किलो. तेच ५० सेंटिमीटरवर गेलं की निम्मे, साडेअकरा किलो. त्यात खाली वाकणं आणि कंबर वळवणं मिळवा, मर्यादा आणखी खाली येते. हे सूत्र घट्ट, कोरड्या जमिनीवर उभ्या माणसासाठी आहे. डोलणाऱ्या डोंग्यात आणि गाळात तेवढंही धरता येत नाही. भरलेला क्रेट या हिशेबात कुठे बसतो ते तुम्हीच पाहा.

पाळीवरचा यांनी घाईचं लिहिलं तेही महत्त्वाचं आहे. पाण्यातून जाळं ओढताना वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. हळू, एका लयीत ओढलं तर तेच जाळं कितीतरी कमी ताकदीत येतं. गाडीची वेळ एक तासाने पुढे ढकलता आली तर तो खांद्यावरचा खरा उपचार आहे, आणि तो मी माझ्या खोलीत बसून देऊ शकत नाही. संस्थाच देऊ शकते.

थंड पाण्याने बोटांची ताकद कमी होते, मग पकड टिकवायला माणूस आणखी आवळून धरतो. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट मुंग्या येऊन बधिर होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. जाळ्यातून मासे सोडवणाऱ्यांत आणि जाळी विणणाऱ्यांत याकडे लक्ष द्या. बोटांची ताकद जायच्या आधी दाखवा.

पाळीवरचा

ताई, हे मुंग्यायचं माह्या बायकोले हाय. जाळे तेच विणते घरी.

पाठकणा

त्यांना नक्की दाखवा दादा. तोवर रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून झोपायला सांगा, मेडिकलमध्ये मिळतो. विणताना मनगट खाली मुडपलेलं राहू नये म्हणून जाळं छातीच्या उंचीला खुंटीवर टांगावं. आणि तुमच्या खांद्याबद्दल: हात वर जातच नसेल तर 'वापरून मोकळा होईल' म्हणून जोर लावू नका, आणि पूर्ण गळ्यातही बांधून ठेवू नका. दुखेल न दुखेल इतपत हात रोज हलवत राहा. साखर तपासून घ्या. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं.

बाजारओळ

सगळे ओढणाऱ्यांबद्दल लिहिताहेत. मी विकणाऱ्यांबद्दल लिहिते.

माझी आई मासोळ्या विकते. बाजाराच्या दिवशी आठवडी बाजार, बाकी दिवस गावोगावी टोपलं घेऊन. बर्फाचं पाणी झिरपत असतं, त्यामुळे डोक्यावर चुंबळ, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर टोपलं. मान ताठ ठेवून चालणं तिला जमतं, लहानपणापासूनची सवय आहे. तिचा जीव जातो टोपलं उतरवताना आणि पुन्हा चढवताना. हात द्यायला कोणी नसलं तर ती आधी गुडघ्यावर घेते, मग एका झटक्यात डोक्यावर. दिवसातून किती घरांपुढे हे होत असेल, मोजायचीही सोय नाही.

बाजारात बसली की पावशीपुढे (विळीपुढे) जमिनीवर. एक पाय दुमडून पावशीच्या पाटावर, दुसरा गुडघा उभा, पाठ पुढे. कतला-रोहूचे खवले काढणं, डोकं तोडणं, मरळ सोलणं, सगळं त्याच बैठकीत. गिऱ्हाईक सुटलं की ती उठत नाही, कारण उठायलाच सगळ्यात जास्त त्रास होतो. आमच्या बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. उन्हात, विना पाण्याची, वर दुखणं दाबायची गोळी.

संस्थेच्या सभासदांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या. काठावर घाट बांधायचा की नाही हे ठरवणाऱ्यांत आई नाही, आणि तिच्या बाजारातल्या जागेचा विषय तर संस्थेत निघतच नाही. धागाकर्त्यांना माझा आग्रह आहे, अंगाच्या खर्चाचा रकाना काढाल तेव्हा बाजारातल्या बाईलाही त्यात धरा.

वैनगंगाकाठ

बाजारओळताई, धरणार. माझ्या लिहिण्यात मासा गाडीपर्यंतच गेला, त्याच्या पुढचं काम तुम्ही मांडलंत. पावशी उंचावर घेता येईल का, हे आईंना विचाराल? गुडघ्याएवढ्या ओट्यावर पावशी आणि त्यांना बसायला बुटका स्टूल. काही ठिकाणी बायका उभ्याने फळीवर सुरीने कापतात. आईंच्या हाताला काय बसेल ते त्याच सांगतील.

बाजारओळ

विचारलं. सुरी नको म्हणाली, हात पावशीचा आहे. स्टूल चालेल म्हणाली, पण बाजारातल्या बाकीच्या बायकांपेक्षा उंच बसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं तिला वाटतं. सगळ्या ओळीला एकदम ओटा झाला तर बसेन म्हणाली.

सागरवेळ

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे ट्रॉलरवर विंच असते, जाळं यंत्र ओढतं. तरी खलाशांच्या कंबरा, खांदे, गुडघे दुखतातच, कारण बोट सतत हलते आणि माणूस चोवीस तास तोल सांभाळत असतो, झोपेतसुद्धा. मासळीची निवड वाकून, बर्फाच्या पेट्या वाकून. पण ओढण्याचं काम तरी कमी झालं. तुमच्या तलावांत विंच का नाही?

वैनगंगाकाठ

डोंग्यावर विंच बसवणं शक्य नाही, डोंगाच उलटेल. काठावर बसवता येते. हाताने फिरवायचा रहाट, दोन मजबूत खांबांत, ओढजाळ्याची दोरी त्यावर गुंडाळत न्यायची. अडचण अशी की एका संस्थेकडे अनेक बोड्या असतात, आज इथे तर चार दिवसांनी तिथे. रहाट वाहून न्यावा लागतो, आणि काठावर सोडला तर लोखंड रातोरात जातं. ओढजाळं काठाच्या एकाच जागी येत नाही, दोन्ही टोकं चालत जवळ आणावी लागतात, त्यामुळे सुरुवातीचं ओढणं माणसानेच करायचं. शेवटचा टप्पा, जाळ्याचा पोटाचा भाग मासळीसकट काठावर घेणं, तेवढा रहाटावर देता येईल असं मला वाटतं. मोठ्या तलावाला, जिथे पाणी जास्त दिवस राहतं, तिथे हे आधी करावं.

पाठकणा

रहाट होईपर्यंत एक साधा उपाय. दोरी हाताने आणि खांद्याने ओढण्याऐवजी रुंद पट्टा कंबरेच्या खाली, कुल्ल्यांवर घ्यायचा आणि मागे चालत पायांनी ओढायचं. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात दणकट, भार त्यांच्यावर जाऊ दे. पट्टा गोणपाटाचा, निदान तळहाताएवढा रुंद.

एक धोका मात्र आधीच सांगते. दोरी अंगाला गाठ मारून कधीही बांधू नका. पट्ट्याच्या टोकाला लाकडाची आडवी खुंटी ठेवून त्यात दोरीचा नुसता वेढा घ्या, हात सोडला की दोरी सुटली पाहिजे. पाय घसरला आणि दोरी अंगाला बांधलेली असली तर माणूस जाळ्याबरोबर ओढला जाईल.

ग्रामीण_दवाखाना

उशिरा आलो, पण काही गोष्टी लिहिणं आवश्यक वाटतं. मी पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात काम केलं आहे.

आधी सुईबद्दल. गावात 'दर्दची सुई' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असतं, आणि काही ठिकाणी त्यासोबत स्टेरॉइड. सुई दुखण्याची जाणीव दाबते. त्याच दिवशी माणूस पुन्हा तेवढंच वजन उचलतो आणि दुखापत वाढते. डायक्लोफिनॅक वारंवार घेतल्याने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. अंगात पाणी कमी असताना हा धोका जास्त. बाजारओळ यांनी आईंच्या गोळीबद्दल आणि पाण्याबद्दल लिहिलंय ते वाचून मला काळजी वाटली. त्यांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यातून होते. स्टेरॉइडने पहिल्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटतं, पण महिनोन्महिने घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि ते अंगवळणी पडलेलं असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची खास आहे. इथे प्रत्येक हाडदुखी कामाचीच असेल असं समजू नका.

सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बऱ्याच समाजांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता यांनी हाडं दुखण्याचा झटका येतो. पहाटेच्या गार पाण्यात उपाशीपोटी उभं राहण्यात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. तरुण पोरगा मांडीच्या सांध्यात दुखतं म्हणून लंगडत असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. त्याला मालिश करत बसू नका. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे.

फ्लोराइड. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं प्यायल्याने पाठीचा कणा आणि सांधे ताठ होतात. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाणी तपासा.

मणक्याचा क्षय. रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं. हे असेल तर थांबू नका.

आणि कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेच्या आतली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. सेवाग्राम, नागपूर मेडिकल, जे जवळ असेल ते. गडचिरोलीकडच्यांसाठी चातगावजवळ शोधग्राममध्ये 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यातही मणक्याचे रुग्ण पाहतात. दुसऱ्या दिवशीवर टाकलं तर गेलेला ताबा परत न येण्याची भीती असते.

शिंगाडेवाला

शिंगाड्याचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. दिवाळीच्या आगेमागे आम्ही ट्यूबवर किंवा डोंग्यात पालथं पडल्यासारखं वाकून वेल उलटवतो आणि खालची फळं तोडतो. छाती ट्यूबच्या कडेवर दाबलेली, मान वर, दोन्ही हात पाण्यात. काट्यांचं काही वाटत नाही. मानेचं दुखणं मात्र होळीपर्यंत जात नाही.

जुनंपान

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. आमचे बाप-आजे हेच काम करत होते. मीही केलं. दुखायचं, पण कोणी त्याचा एवढा विचार केला नाही. रात्री चूल पेटवून शेक घ्यायचो, सकाळी पुन्हा पाण्यात. आताच्या पोरांची अंगं कच्ची आहेत, खाणं कमी आहे, रेशनच्या तांदळावर काय होणार. काठ बांधून अंग घट्ट होणार नाही.

वैनगंगाकाठ

बाबा, तुमचा मान राखून दोन गोष्टी विचारतो.

तुमच्या वेळी तलावाचा गाळ दर उन्हाळ्यात शेतकरी काढून नेत होते ना? तळ घट्ट होता, पाय रुतत नव्हता. आता वर्षानुवर्षं गाळ तसाच आहे. ओढजाळ्यावर किती माणसं असायची हेही तुम्हाला आठवत असेल. आणि मासा गावात, फार तर शेजारच्या बाजारात जायचा. आता व्यापाऱ्याची गाडी घड्याळ लावून येते आणि एका दमात सगळा माल उचलते. काम तेच राहिलं, पण माणूस, गाळ आणि वेळ हे तिन्ही बदलले. अंग कच्चं झालं असं मला वाटत नाही, त्याच्यावरचं ओझं वाढलं.

खाण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र पूर्ण खरं आहे. पकडलेला चांगला मासा विकला जातो आणि घरी उरलंसुरलं शिजतं, हे मला रोज दिसतं.

जुनंपान

गाळाचं बरोबर बोललास. आमच्या बोडीत पाय खाली टेकला की टणक लागायचं. आता उतरवत नाही. आणि खरं सांगतो, माझ्या मोठ्या भावाची कंबर पन्नाशीत वाकली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही. तेव्हा आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो.

कायद्याचंबोला

वरची चर्चा वाचून कायद्याच्या बाजूने लिहिते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मासेमारीच्या कामाबद्दलचा १८८ क्रमांकाचा करार २००७ चा आहे, २०१७ मध्ये अमलात आला. त्यातली व्यावसायिक मासेमारीची व्याख्या फक्त समुद्रापुरती नाही. नद्या, तलाव, कालव्यांतली मासेमारीही तिच्यात आहे. घरच्या खाण्यापुरती आणि हौसेची तेवढी वगळली आहे. म्हणजे बोडीत ओढजाळं ओढणारा ढिवर हा त्या व्याख्येनुसार मासेमारी कामगारच ठरतो. भारताने हा करार अजून मंजूर केलेला नाही, त्यामुळे त्याच्या आधारे हक्क मागता येत नाही. पण ग्रामसभेत, मत्स्य विभागाच्या बैठकीत बोलताना हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

प्रत्यक्षात मिळणारी गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, अपघाताने दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत. संस्थेने आपल्या सभासदांची नावं त्यात गेली आहेत की नाहीत हे तपासावं. ज्यांची नावं सभासद म्हणूनच नाहीत, विशेषतः बायका, त्यांचं पुढे कसं करायचं हे मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारा.

एक मोठी फट आहे. हा विमा अपघाताचा आहे. डोंगा उलटला तर तो लागू होतो. वीस वर्षं दोरी ओढून खांदा गेला तर तो अपघात धरला जात नाही. झिजेला पैसे देणारं काही नाही, म्हणून झीज होऊ न देणं हाच मार्ग उरतो, आणि धागाकर्त्यांच्या काठाच्या मागणीला माझा त्यासाठी पाठिंबा आहे.

बांधावरून

आमच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी काठाचं काम केलं. जे झालं ते लिहितो, चांगलं-वाईट दोन्ही.

पाळीला जिथून माल वर चढतो तिथे पायऱ्या पाडल्या होत्या, सिमेंटच्या. पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरलं आणि लोक घसरायला लागले. एकाचा हात मोडला. मग पायऱ्यांशेजारी मुरूम टाकून लांब, कमी चढाचा रस्ता केला. तो चालला. आता क्रेट डोक्यावर कोणी नेत नाही, गाड्यावर ढकलत नेतात.

क्रेट अर्धाच भरायचा असा ठराव केला. व्यापारी कुरकुरला, त्याचे क्रेट जास्त लागतात. पण सगळ्यांनी धरून ठेवलं म्हणून टिकलं. माझ्या मते सगळ्यात जास्त आराम याच ठरावाने दिला, आणि त्याला खर्च शून्य.

काठाशी कंबरेच्या उंचीचं बांबूचं मचाण केलंय, मासळी निवडायला. आधी जमिनीवर ताडपत्री टाकून वाकून निवडायचे. मचाण दर वर्षी नवं बांधावं लागतं.

डोंग्यावरून मासा घेण्याचं मात्र काही जमलेलं नाही. तिथे अजून तसंच झुकून उचलतात.

पाठकणा

अर्ध्या क्रेटचा ठराव फार मोलाचा आहे. डोंग्याबद्दल एक सुचवते: पूर्ण जाळं एकदम कडेवरून घेऊ नका. मासे पाण्यातच छोट्या झोळीत सारून, झोळी थोडी थोडी वर घ्या. फेऱ्या वाढतील, पण प्रत्येक उचल हलकी होईल. उचलताना गुडघे डोंग्याच्या आतल्या बाजूला टेकलेले असू द्या, वजन पोटाजवळ. आणि दोघांनी समोरासमोरच्या कडांवर तोल ठेवावा, एकाच बाजूला दोघं झुकले तर डोंगा कलंडेल.

पाळीवरचा

ठरावाचं मी उद्याच सचिवाले सांगतो. अन् गोसीकडचे लोकं वाचत असन त सांगा, मोठ्या पान्यात लांब जा लागते, वल्हं मारून मारून एकच खांदा जाते, त्याचं काय करता?

गोसीचापाणी

बाजू बदलून मारायची. सुरुवातीला डोंगा गोल फिरतो, आठवड्याभरात हात बसतो. दोघं असले तर एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून, आणि अर्ध्या वाटेत जागा बदलायच्या. आमच्याकडे काही जणांनी छोटी मोटर लावली, पण डिझेलचा खर्च दिवसाच्या मासळीवर बसतो, रोज परवडत नाही.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्या संस्थेच्या येत्या सभेत काय मांडणार आहे ते लिहितो.

पहिलं म्हणजे माहिती. नॉर्डिक प्रश्नावली म्हणून एक सोपी पद्धत आहे, १९८७ पासून वापरात. शरीराचे नऊ भाग: मान, खांदे, कोपर, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांडी-खुबा, गुडघे, घोटे-पाऊल. प्रत्येकाबद्दल विचारायचं की गेल्या बारा महिन्यांत इथे त्रास झाला का, त्यामुळे काम बुडालं का, गेल्या सात दिवसांत त्रास आहे का. माणसाचं चित्र काढून त्यावर खुणा करायच्या, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही सांगता येतं. ओढणारे, डोंगेवाले, शिंगाडेवाले, विणणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, सगळ्यांचं भरून घेणार. बायकांचं बायकांनीच भरावं म्हणून गावातल्या आशाताईंशी बोललोय.

दुसरं, अर्धा क्रेट आणि मुरमाचा रस्ता. तिसरं, गाडीच्या वेळेबद्दल व्यापाऱ्याशी एकट्यादुकट्याने न बोलता संस्थेने बोलावं. बाजारातल्या ओट्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज, त्यात मुतारीही. रहाटाचा अंदाजखर्च लोहाराकडून काढतो.

बांधावरून, तुमच्या गाड्याबद्दल सांगाल का? कुठे बनवला, काय लागलं?

बांधावरून

गावच्या वेल्डरने बनवला. सांगाडा जुन्या पलंगाच्या पाइपांचा. पहिल्यांदा सायकलची चाकं लावली होती, ती ओल्या मुरमात रुतत होती. मग भंगारातली स्कूटरची टायरं बसवली, रुंद आणि हवा कमी ठेवलेली. दांडा कंबरेच्या उंचीला घ्या, खाली घेतला तर ढकलताना पुन्हा वाकणं आलंच. आणि ब्रेकसाठी मागे एक लाकडी ठोकळा दोरीने बांधा, चढावर थांबलं की चाकाखाली सरकवता येतो. फोटो उद्या टाकतो.

पाळीवरचा

टाका भाऊ. आमच्याकडचा वेल्डर फोटो पायल्याशिवाय हात नाही लावत.